जुनी एसयूव्ही, रात्रीचा प्रवास: दिवे दगा देण्याआधी हे तपासा

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचा उजेड एका रात्रीत कमी होत नाही. तो हळूहळू कमी होतो, म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं तेव्हा गाडी बहुधा अंधाऱ्या रस्त्यावर असते आणि आत सगळं कुटुंब असतं.

तुमच्या घरीही अशी एखादी गाडी असेल. सात सीटची, उंच, डिझेलवर चालणारी. मुलं लहान होती तेव्हा घेतलेली. आता मुलं नोकरीला लागली, पण गाडी अजून दारात उभी आहे. लग्न, बारसं, देवदर्शन, गावची जत्रा, सगळीकडे तीच जाते. इंजिन दणकट असतं, त्यामुळे ‘‘अजून पाच वर्षं कुठे जात नाही’’ असं घरात सगळेच म्हणतात. ते खरंही असतं. पण इंजिन आणि वायरिंग यांचं वय सारख्या वेगाने वाढत नाही. इंजिनाचं ऑइल आपण वेळच्या वेळी बदलतो. वायर, होल्डर, स्विच आणि अर्थिंग यांच्याकडे मात्र काही बंद पडेपर्यंत कुणी पाहत नाही.

ताम्हिणी घाटातली रात्र

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे निघालो होतो. निघायला रात्रीचे नऊ वाजले. गाडी बाबा चालवत होते. घाटात पाऊस वाढला. वायपर जोरात, काचेवरची वाफ जावी म्हणून एसी चालू, मागे मोबाइल चार्जिंगला. एका वळणावर गाडीचा वेग कमी झाला तसे पुढचे दिवेही मंदावले. एक्सिलरेटर दिला की परत थोडे उजळले. असं दोन-तीनदा झालं आणि मग दोन्ही दिवे एकदम गेले.

ते दोन-तीन सेकंद मी विसरणार नाही. समोर काहीच दिसत नव्हतं. डावीकडे दरी आहे की डोंगर, तेही कळेना. बाबांनी ब्रेक दाबला नाही, फक्त एक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि दिव्यांचा दांडा पुढे ढकलला. अप्पर लागला. डिपर मात्र मेलेलाच होता. अप्परच्या उजेडात पावसाची पांढरी भिंत दिसत होती, रस्ता नाही. तरी तेवढ्यावर, चारही इंडिकेटर चालू ठेवून, पायी चालण्याच्या वेगाने आम्ही एका बंद टपरीपाशी पोहोचलो आणि उजाडेपर्यंत गाडीतच बसून राहिलो.

सकाळी माणगावात वायरिंगचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि दिव्यामागचा कपलर ओढून काढला. प्लास्टिक वितळून काळं झालं होतं. ते पाहून तो म्हणाला, ‘‘बल्ब चांगलाय काका. करंट यायची वाट जळलीय.’’

मग सगळी गोष्ट उलगडली. दोन वर्षांपूर्वी बाबांना रात्री कमी दिसायला लागलं होतं. आधी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, चष्म्याचा नंबर थोडा बदलला, पण फरक पडला नाही. मग ॲक्सेसरीजच्या एका दुकानात कुणीतरी ‘‘जास्त वॅटचे टाका, दिवस पडल्यासारखं दिसेल’’ असं सांगितलं आणि तसे बल्ब बसवून दिले. काही महिने उजेड खरंच वाढला. त्याच काळात होल्डर आणि स्विच आतून भाजत होते. मूळ दोष अर्थिंगच्या गंजलेल्या वायरमध्ये होता. त्याला कुणी हातच लावला नव्हता.

उजेड कमी का होतो?

हे समजून घ्यायला फार विज्ञान लागत नाही. गाडीतली वीज बॅटरीतून निघते, फ्यूज आणि स्विचमधून बल्बपर्यंत जाते आणि गाडीच्या पत्र्यामार्गे परत बॅटरीकडे येते. या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. जाण्याच्या किंवा येण्याच्या वाटेवर कुठेही गंज, सैल स्क्रू किंवा अर्धवट तुटलेली वायर असेल, तर बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही.

हॅलोजन बल्बच्या बाबतीत ही गोष्ट फार महागात पडते. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं, तर प्रकाश १० टक्क्यांनी नाही, तर साधारण ३० टक्क्यांनी घटतो. म्हणजे एखादा गंजलेला स्क्रू तुमच्या दिव्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाऊ शकतो.

त्यात दिव्याच्या बाहेरच्या काचेची भर पडते. आपण तिला काच म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांत ती पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचा संरक्षक थर झिजतो आणि ती पिवळट, धुरकट होते. गाडी रोज उन्हात उभी राहत असेल, तर हे लवकर होतं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल घरात बोलायला थोडं अवघड वाटतं. वय वाढलं की माणसाच्या डोळ्यांतलं भिंगही पिवळसर होत जातं आणि अंधारात बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. साठीतल्या माणसाला तेच दृश्य पाहायला तरुणापेक्षा बराच जास्त उजेड लागतो. म्हणजे गाडी म्हातारी होत असते तेव्हा तिचा चालकही म्हातारा होत असतो. दोन्हीकडचा उजेड एकदम कमी होतो आणि दोष मात्र एकाच्याच माथी मारला जातो. बाबांनी दोन वर्षं तो स्वतःच्या माथी मारून घेतला होता.

लक्षणं ओळखा

गाडी बंद पडण्याआधी बऱ्याचदा सूचना देते. ती ओळखता आली, तर मिस्त्रीला नेमकं सांगता येतं आणि उगाच भाग बदलण्याचा खर्चही वाचतो.

एकच दिवा गेला: बहुधा बल्बच उडालेला असतो. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. एक गेला की दुसऱ्याचंही आयुष्य संपत आलेलं असतं.

एकच दिवा मंद आहे: त्या बाजूचं अर्थिंग किंवा होल्डर तपासायला सांगा.

दोन्ही दिवे एकदम गेले: दोन्ही बल्ब एकाच क्षणी उडणं फार क्वचित घडतं. फ्यूज, रिले किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच यांवर संशय घ्या. अप्पर चालतो आणि डिपर नाही, किंवा उलट, असं असेल तर स्विच आणि कपलर आधी बघा.

गाडी थांबली की दिवे मंद, रेस केली की उजळ: बॅटरी नीट चार्ज होत नाही. डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी थकलेलं आहे.

बल्ब पुन्हा पुन्हा उडतात: चार्जिंगचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर जात असेल, होल्डर सैल असेल किंवा बल्ब बसवताना काचेला बोटं लागली असतील. हॅलोजनच्या काचेवर त्वचेचा तेलकटपणा राहिला की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. म्हणून बल्ब नेहमी खालच्या धातूच्या भागाला किंवा स्वच्छ कापडाने धरायचा.

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही अंधुक पेटतो: मागच्या दिव्यांचं अर्थिंग सुटलेलं आहे.

इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकतो: त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला आहे.

जास्त वॅटचा बल्ब हा उपाय नाही

नेहमीच्या एच-४ हॅलोजन बल्बवर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं. म्हणजे अप्पर ६० आणि डिपर ५५. दोन्ही डिपर मिळून साधारण ९ अँपिअर करंट घेतात. गाडीची वायर, स्विच, होल्डर सगळं त्या हिशोबाने बनवलेलं असतं. त्या जागी १००/९० वॅटचे बल्ब टाकले, की तोच करंट साधारण १५ अँपिअरवर जातो. वायर तीच, स्विच तोच, वर दहा वर्षांचा गंज. जिथे जोड कमकुवत आहे तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळायला लागतं. आमचा कपलर असाच वितळला. नशीब, तेवढ्यावरच भागलं. वायरिंग पेटलं असतं, तर घाटात धावत जाऊन पाणी तरी कुठून आणलं असतं?

हॅलोजनच्या घरात तसाच बसणारा एलईडी बल्बही सध्या सर्रास मिळतो. दिव्याचा आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. प्रकाशाची जागा थोडी जरी बदलली, तरी उजेड विस्कटतो. आपल्याला पुढे पांढरंशुभ्र दिसतं, पण लांबचा रस्ता उजळतोच असं नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. कायद्याचाही प्रश्न आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार बंधनं आहेत.

मग करायचं काय? आधी वाट साफ करून घ्या. अर्थिंगचे स्क्रू काढून, पत्रा घासून, परत घट्ट बसवणं. जळके होल्डर आणि कपलर बदलणं. गरज असेल तर फ्यूजसह रिले बसवून घेणं. रिले असला की दिव्यांचा मोठा करंट बॅटरीतून थेट जाड वायरने जातो आणि स्विचवर फक्त रिले चालू-बंद करण्याइतका किरकोळ भार राहतो. बल्ब मात्र ६०/५५ वॅटचेच. माणगावच्या मिस्त्रीने हेच केलं. एकूण खर्च एका टाकीच्या डिझेलपेक्षा कमी आला आणि उजेड त्या मोठ्या बल्बांपेक्षाही चांगला पडला.

फ्यूजशी खेळ नको

फ्यूज मुद्दाम नाजूक बनवलेला असतो. वायर जळण्याआधी तो जळावा, हेच त्याचं काम. तो पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं, तार गुंडाळणं किंवा चंदेरी कागद अडकवणं म्हणजे चोर आला की भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधणं. फ्यूजचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. झाकणावर दिलेला आकडा बघून त्याच आकड्याचा फ्यूज लावा आणि दोन-दोन जास्तीचे गाडीत ठेवा. दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा लावू नका, कारण शोधून घ्या.

वायरिंगची नासधूस अनेकदा आपणच ओढवून घेतो. मोठा हॉर्न, मागचा कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, गार्डची लायटिंग, प्रत्येक वेळी कुणीतरी डॅशबोर्डखाली एक वायर सोलतो, दुसरी तिच्याभोवती पिळतो आणि वर काळी टेप मारतो. दहा वर्षांत टेपचा गोंद सुकतो आणि तांबं उघडं पडतं. असे जोड एकदा मोजून घ्या. जे वापरात नाहीत ते काढून टाका, उरलेले नीट सोल्डर करून किंवा चांगला कपलर लावून बंद करून घ्या.

घरच्या घरी २० मिनिटांची तपासणी

यासाठी मिस्त्री असण्याची गरज नाही. दोन माणसं, एक भिंत आणि अंधार पुरे.

संध्याकाळनंतर गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून सहा-सात मीटरवर उभी करा. डिपर लावा. दोन्हीकडचा उजेड सारखा आहे का बघा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा थोडी खाली असायला हवी आणि डाव्या बाजूला किंचित वर चढायला हवी. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे कडेचा पादचारी दिसावा म्हणून ती रचना असते. नंतर एकाने गाडीत बसून अप्पर, इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स लावायचा आणि दुसऱ्याने बाहेरून बघायचं. हे काम मुलांना द्या, ती आनंदाने करतात.

आता इंजिन चालू ठेवून दिवे, वायपर, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही, सगळं एकदम लावा. दिवे डोळ्यांना जाणवण्याइतके मंदावले, तर चार्जिंग तपासायला हवं.

घरी मल्टीमीटर असेल तर आणखी सोपं. गाडी काही तास बंद राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवेत. सगळं लावल्यावर १३ च्या खाली घसरत असेल, तर डायनामो दाखवा. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे, तोच बल्ब आणि बॅटरी दोन्ही खातो.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने साफ करा, कोरडं करा आणि वर थोडी पेट्रोलियम जेली लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, धातूची बांगडी, घड्याळ आधी काढून ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘‘डायनामो बघू’’ असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा. त्या क्षणी व्होल्टेज उसळून गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जाऊ शकतात.

पिवळट काचेवर टूथपेस्ट घासली की ती उजळते, हे खरं आहे, पण काही आठवड्यांपुरतंच. नीट पॉलिश करून वर अतिनील किरण रोखणारा थर लावून घेतला, तरच ते टिकतं. दिव्यात आतून पाणी साठत असेल, तर सील बदलून घ्या, नाहीतर आतला आरसा काळवंडतो आणि मग पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

तुम्ही कुठे राहता, त्यावरही लक्ष द्या. कोकण, गोवा, चेन्नईसारख्या किनाऱ्यावर खारी हवा तांब्याला लवकर खाते, तिथे कपलर वर्षातून एकदा उघडून बघायलाच हवेत. दिल्ली किंवा लखनौकडे हिवाळ्यातल्या धुक्याआधी फॉग लॅम्प आणि मागचे दिवे तपासा. धुक्यात आपल्याला दिसण्याइतकंच आपण इतरांना दिसणंही महत्त्वाचं असतं. आणि पावसाळ्यात सगळीकडेच बॉनेटखाली उंदीर आसरा शोधतात. गाडीत खाऊचे तुकडे ठेवू नका, गाडी बरेच दिवस उभी असेल तर निघण्याआधी कुरतडलेल्या वायर बघा.

रस्त्यात दिवे गेलेच तर

एकदम ब्रेक मारू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता. एक्सिलरेटर सोडा, चारही इंडिकेटर लावा. त्यांची वायर बहुतेक गाड्यांत वेगळी असते, त्यामुळे ते चालण्याची शक्यता जास्त. अप्पर, डिपर, फॉग लॅम्प, जे लागेल ते लावून बघा. वळणावर थांबू नका. सरळ, रुंद जागा दिसली की रस्त्याच्या पूर्ण डावीकडे गाडी घ्या. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा. सगळ्यांना रस्त्यापासून लांब, सुरक्षित बाजूला उभं करा. मोबाइलच्या टॉर्चवर किंवा पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर भरवसा ठेवून गाडी पुढे नेऊ नका. पोहोचायला सकाळ झाली तरी चालेल.

प्लास्टिक जळल्याचा वास आला तर इंजिन लगेच बंद करा आणि सगळे बाहेर पडा. धूर येत असेल तर बॉनेट उघडायला जाऊ नका, हवा मिळाली की आग भडकते.

नोंदणी नव्याने करायच्या आधी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. या तपासणीत दिवेही बघितले जातात. त्यामुळे गाडी आणखी वापरायची असेल, तर वायरिंगचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि एखादा प्रामाणिक मिस्त्री ‘‘पूर्ण हार्नेस बदलावा लागेल’’ असं म्हणाला, तर तो खर्च आणि गाडीची किंमत यांचा हिशोब घरात बसून करा. गाडीवर जीव असतो, पण तिच्यात बसणाऱ्यांवर त्याहून जास्त असतो.

सामान भरलं की चाक फिरवा

शेवटी एक छोटी गोष्ट, जी आमच्या घरात बारा वर्षं कुणालाच माहीत नव्हती. मागच्या सीट भरल्या आणि सामान लादलं की एसयूव्हीचं नाक वर उचललं जातं. उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं एक लहान चाक असतं. गाडी भरलेली असेल तर ते १ किंवा २ वर न्या, उजेड खाली येतो. एकटे असाल तर पुन्हा ० वर. एक पैसाही खर्च नाही.

या वर्षी गणपतीला निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर उभी केली. बाबा आत बसले, मी बाहेर उभी राहिले. ते एकेक बटण दाबत होते, मी ‘‘लागला’’, ‘‘लागला’’ म्हणत होते. घाट रात्रीच ओलांडला. उतरल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘‘डोळे बरे आहेत की अजून.’’

तुमच्या घरातही कुणी हल्ली रात्री गाडी चालवायचं टाळत असेल, ‘‘आता दिसत नाही पूर्वीसारखं’’ म्हणत असेल, तर डोळे नक्की तपासून घ्या. पण त्याच आठवड्यात गाडीचे दिवेही बघा.